उत्तरेकडची मतं

ॲस्ट्रिडनं नंबर फिरवला, तेव्हा उपासना तिच्यामागे उभी राहून दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होती. पलीकडे घंटा वाजत राहिली. नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्राकाठच्या कुठल्यातरी घरात ती वाजत होती आणि तिथं उचलायला कुणी नव्हतं. ॲस्ट्रिडनं कळ दाबली. पडद्यावरचा नंबर गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. तो ऑस्लोचा होता. तिथल्या माणसानं लगेच फोन उचलला आणि ॲस्ट्रिड आपल्या आजोळच्या भाषेत त्याच्याशी लाघवानं बोलायला लागली.

उपासना शेजारच्या टेबलापाशी गेली. तिथंही तेच. उत्तरेकडचं घर घेत नाही, कळ दाबली, राजधानीतलं घर हजर. तिनं हेडफोन काढून ठेवला आणि कुणाला काही न बोलता आपल्या जागेवर येऊन बसली.

चौऱ्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. नोव्हेंबरच्या शेवटी नॉर्वेत सार्वमत होणार होतं : युरोपीय संघात जायचं की नाही. नॉर्वेहून सॅमन मागवणाऱ्या अमेरिकन व्यापाऱ्यांच्या एका संघटनेला त्याचा कौल आधी कळायला हवा होता. देश संघात गेला तर तिथला मासा युरोपातच खपणार, इथं महागणार, मग करार आत्ताच करून ठेवलेले बरे, असा त्यांचा हिशेब. म्हणून ईडन प्रेरीतल्या या छोट्या सर्व्हे कंपनीला काम मिळालं होतं. मिनेसोटात नॉर्वेजियन बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना तोटा नाही. चर्चमधून अशा बारा-पंधरा जणी गोळा झाल्या आणि सकाळी दहापासून, म्हणजे तिकडे संध्याकाळ झाली की, फोनवर बसायला लागल्या.

ही कल्पना हेमचंद्र देवधरांची. कंपनीत मालक डेलच्या खालोखाल त्यांचा शब्द चाले. साठीला टेकलेले, पुण्याहून पासष्ट साली आलेले, दोन डिग्र्या घेतलेले. आकड्यांना ते माणसांसारखं वागवत आणि माणसांना आकड्यांसारखं, असं उपासनाला अलीकडे वाटायला लागलं होतं. पूर्वी वाटत नसे. पूर्वी ती त्यांना काका म्हणायची.

जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच मशीनसमोर बसली. आतापर्यंत आलेली उत्तरं तिनं भागाभागानं वेगळी केली, प्रत्येक भागाला तिथल्या लोकसंख्येप्रमाणे वजन दिलं आणि पुन्हा बेरीज मांडली. हेमचंद्रांच्या तक्त्यात 'हो' पुढे होतं. तिच्या तक्त्यात 'नाही'. फरक थोडा होता, पण स्पष्ट होता. उत्तरेकडची माणसं गणतीत फारशी आलीच नव्हती, आणि जी थोडी आली होती ती जवळजवळ सगळी 'नाही' म्हणत होती. त्यांना आपला समुद्र कुणाला वाटून द्यायचा नव्हता.

आकडे ग्राहकाकडे जाण्याआधी शेवटचे तपासणं हे उपासनाचंच काम होतं. आतापर्यंत असं काही सापडलं की ती उठून तडक त्यांच्या खोलीत जायची. त्या दिवशी ती उठली नाही. पडद्यावरची बेरीज तिनं एकदा नीट पाहून घेतली आणि पुसून टाकली. मग डबा उघडून शांतपणे जेवली. फार दिवसांनी तिला अन्नाला चव लागली.

*

गोष्ट एक्क्याण्णव सालची. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. एप्रिलमध्ये महाराष्ट्र मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम असायचा. त्यात अर्धा तास आम्हाला द्या, एवढंच उपासनाच्या नवऱ्यानं मागितलं होतं. सुभाष मेश्राम पेंटच्या कारखान्यात केमिस्ट होता. सभेत बोलायचा त्याला सराव नव्हता. पण या अर्ध्या तासासाठी तो महिनाभर बेसमेंटमध्ये येरझाऱ्या घालत तयारी करत होता. त्याला भाषण करायचं नव्हतं. छप्पन सालच्या ऑक्टोबरात चार वर्षांचा असताना, भंडाऱ्याजवळच्या गावाहून तो वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेला होता. वडिलांचे दोन्ही कान धरून बसलो होतो आणि खाली नजर पोचेल तिथवर पांढरे कपडे दिसत होते, एवढंच त्याला आठवत होतं. तेवढंच त्याला सांगायचं होतं. शेवटी त्यांची सहा वर्षांची मुलगी दीक्षा मेणबत्ती लावणार होती.

हेमचंद्र तेव्हाही मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, माझी काहीच हरकत नाही, पण मंडळ सगळ्यांचं आहे, सगळ्यांचं मत घेऊ. दोन आठवडे त्यांनी घरोघरी फोन केले. मग एका रविवारी स्वतः उपासनाच्या घरी आले, चहा घेतला आणि वाईट वाटल्यासारखा चेहरा करून म्हणाले की लोकमत अनुकूल नाही. सुभाष 'ठीक आहे' म्हणाला. त्यांना सोडायला गाडीपर्यंतही गेला.

उपासनानं तेव्हा मानून घेतलं. हेमचंद्रांनीच तिला या कंपनीत घेतलं होतं. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या बायकोनं, उत्तराकाकूंनी, तिला दुकानात नेऊन कोट कुठला घ्यायचा ते दाखवलं होतं. अशी माणसं खोटं कशाला बोलतील?

वर्षभरानं इंडियन ग्रोसरीत नीलांबरी भेटली. मंडळातलीच, बोलघेवडी. तुम्ही हल्ली येत नाही, म्हणाली. बोलता बोलता विषय निघाला आणि ती सहज सांगून गेली की काकांचा फोन आला होता खरा, पण तुमच्या कार्यक्रमाचं नावही त्यात नव्हतं. "मंडळात राजकारण आणावं का, असं विचारत होते. आम्ही म्हटलं, नको बाई. कुणीही नकोच म्हणेल ना?"

उपासनाच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती तिनं परत ठेवली आणि काहीच न घेता घरी आली. प्रश्न कसा विचारला की कसं उत्तर येतं, हे तिला हेमचंद्रांनीच शिकवलं होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, समोर बसवून.

सुभाषला तिनं हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, जाऊ दे. त्यानं खरंच जाऊ दिलं की काय, कोण जाणे. मंडळात जाणं आधीच कमी झालं होतं, ते मात्र आता पुरतं संपलं, आणि त्याबरोबर दीक्षाची रविवारची मराठी शाळाही. आता ती नऊ वर्षांची होती. बापानं मराठीत विचारलेल्याला इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि बापही हळूहळू इंग्लिशमध्येच विचारायला लागला होता. रोज रात्रीच्या जेवणाला उपासना ते ऐकायची. नीलांबरी भेटली त्या दिवसापासून ती हेमचंद्रांना सर म्हणायला लागली होती. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

*

नोव्हेंबरच्या मध्यावर स्वीडननं 'हो' म्हटलं. फिनलंडनं आधीच म्हटलं होतं. हेमचंद्रांची कळी खुलली. नॉर्वेतली वर्तमानपत्रं 'नाही' येणार म्हणत होती, आणि त्यांच्या विरुद्ध आपण ठाम उभे आहोत याची त्यांना नशा चढली होती. रिपोर्ट पाठवायच्या आदल्या दिवशी ते उपासनाच्या टेबलापाशी आले.

तिनं एक संधी दिली. स्वतःला नंतर सांगता यावं म्हणून दिली असेल, पण दिली. उत्तरेकडची घरं फार कमी आली आहेत, एवढंच म्हणाली.

हेमचंद्र हसले. "अगं, तिथं राहतं कोण? चार कोळी आणि रेनडिअर. त्यांच्यावाचून काही अडत नाही." मग रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, "तक्ते टॅली होतायत ना?"

उपासनानं त्यांच्याकडे पाहिलं. तक्ते टॅली होत होते. उभी बेरीज, आडवी बेरीज, कुठं तसूभर चूक नव्हती.

"होतायत, सर."

"मग पाठवून दे."

तिनं पाठवून दिला. त्याच आठवड्यात शहरातल्या पेपरात हेमचंद्रांचा फोटो आला, अंदाजासकट. डेलनं तो कापून लॉबीत लावला. नॉर्वेजियन मंडळींच्या एका क्लबात हेमचंद्रांचं व्याख्यान झालं. मंडळाच्या उशिरा झालेल्या दिवाळीत त्यांचा सत्कार झाल्याचंही कुणीतरी सांगितलं. उपासना रोज येता-जाता तो फोटो बघायची. जेवढा उंच चढेल तेवढं बरं, असं तिला वाटायचं. घरी ती गुणगुणत भाजी चिरायची. सुभाषनं एकदा विचारलं, आज काय विशेष. ती म्हणाली, काही नाही.

सार्वमत सोमवारी झालं. तिकडची रात्र म्हणजे इकडची दुपार. ॲस्ट्रिड आणि तिच्या मैत्रिणी मुद्दाम आल्या होत्या. रेडिओ लावून, नातेवाइकांना फोन जोडून बसल्या होत्या. आधी शहरांचे आकडे आले तेव्हा हेमचंद्र खिशात हात घालून आरामात उभे होते. मग उत्तरेकडची मोजणी यायला लागली. ॲस्ट्रिडच्या गालावर लाली चढली. तिचे मावसभाऊ तिकडचे. कुणीतरी आकडा सांगितला. बावन्न टक्क्यांच्या वर 'नाही'.

हेमचंद्रांनी खिशातून हात काढले. ते रेडिओकडे पाहत नव्हते, भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होते, वरच्या अरुंद टोकाकडे. उपासना दारात उभी राहून त्यांचा चेहरा शेवटपर्यंत पाहत राहिली. एकदाही तिनं नजर काढून घेतली नाही.

*

व्यापाऱ्यांनी करार करून टाकले होते. त्यांच्या वकिलाचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. डेलनं दार लावून घेऊन हेमचंद्रांना विचारलं की हे शेवटी तपासलं कुणी होतं. काचेतून उपासनाला दोघं दिसत होते. हेमचंद्रांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. नंतर डेलच्या सेक्रेटरीनं सांगितलं, ते म्हणाले की सगळं मीच ठरवलं, मीच पाहिलं, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही.

उपासनाला ते आवडलं नाही. त्यांनी तिच्यावर ढकलायला हवं होतं.

संध्याकाळी ती पार्किंग लॉटमध्ये आली, तर हेमचंद्र गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. तिला पाहून थांबले.

"तुला दिसलं होतं. नाही का?"

"दिसलं होतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले की चूक माझीच. माझ्यासमोर बोलायची लोकांना भीती वाटते, हे उत्तरा मला कित्येक वर्षं सांगते आहे. तू बोलायला आलीस आणि मी तुला हसण्यावारी नेलं. "मला माफ कर, उपासना."

अडीच वर्षं ती ज्या माफीची वाट पाहत होती ती ही नव्हती. माणूस चुकीच्या घराचं दार ठोठावत होता.

"भीती नव्हती, सर," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत तेवढ्याचंच उत्तर दिलं. तुम्ही मंडळात लोकांना विचारलं होतंत ना, एक्क्याण्णव साली, तसं."

"एक्क्याण्णव?"

ते आठवायला लागले. खरोखर आठवायला लागले. कपाळाला आठ्या घालून, ब्रश हातात धरून. ते पाहताना उपासनाचे हात थंडीतही गरम झाले. तिनं त्यांना मदत केली नाही. गाडीत बसली आणि निघाली. आरशात ते अजून तसेच उभे दिसत होते.

घरी सुभाष पोळ्या लाटत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला, आणि सांगून झाल्यावर ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. सुभाषनं तव्यावरची पोळी उलटली, काढली, गॅस बंद केला. मग विचारलं, त्या फोन करणाऱ्या बायकांचं काय झालं? पुढचं काम कॅन्सल झालं, ती म्हणाली.

"हे माझ्यासाठी केलंस?"

"मग कुणासाठी?"

"मला विचारायचं तरी होतंस."

"तू नको म्हणाला असतास," उपासना म्हणाली. "माहीत होतं मला."

सुभाषनं हात धुतले आणि तो दीक्षाला जेवायला बोलवायला गेला.

*

ख्रिसमसच्या आधी हेमचंद्र लवकर रिटायर झाले, असं डेलनं सगळ्यांना कळवलं. जानेवारीत त्यांची खोली उपासनाला मिळाली. तिनं ती घेतली. नकाशा भिंतीवरच होता, तो तिनं राहू दिला. खिडकीतून गोठलेलं तळं दिसायचं. काही दिवस तिला त्या खुर्चीत बसताना बरं वाटलं, मग ती नुसती खुर्ची झाली.

फेब्रुवारीत एके दुपारी हेमचंद्र आले. रिसेप्शनवरच्या मुलीनं आधी फोन करून विचारलं, तेव्हा उपासना म्हणाली, येऊ दे. पुस्तकं न्यायला आले असतील असं तिला वाटलं. ते कोट न काढताच समोर उभे राहिले. बारीक झाले होते. तिनं बसा म्हटलं नाही.

"मी पुन्हा विचारलं," ते म्हणाले.

तिला कळलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी सोडलं होतं. पण सोडण्यापूर्वी महिनाभर त्यांनी पुन्हा सगळ्या घरांना फोन केले. या वेळी सरळ विचारलं : मेश्रामांना बाबासाहेबांवर अर्धा तास बोलायचं आहे, पाडव्याच्या कार्यक्रमात त्यांना तो द्यावा का? पुढं मागं काही जोडलं नाही. कुणी का विचारलंत म्हणालं, तर फक्त प्रश्न पुन्हा वाचून दाखवला. तूसुद्धा त्यात खोट काढली नसतीस, असं ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात जुना हेमचंद्र क्षणभर डोकावला.

उपासनानं हातातलं पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं ती हेच म्हणत आली होती. सरळ विचारलं असतं तर.

"मग?"

हेमचंद्रांनी हातमोजे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

"नाही," ते म्हणाले. "बहुतेक घरं नाही म्हणाली. पहिल्यापेक्षा जास्तच असतील."

बाहेरच्या खोलीत फोन चालू होते. कुठल्याशा कपड्याच्या साबणाबद्दल मुली लोकांना विचारत होत्या, एकाच सुरात, पुन्हा पुन्हा.

"नीलांबरीच्या घरीसुद्धा?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "तेव्हा मी प्रश्न वाकडा विचारला, कारण सरळ विचारला तर काय उत्तर येईल ते मला माहीत होतं. ते तुमच्या कानावर यायला नको, असं मला वाटलं. म्हणजे, असं वाटलं म्हणून केलं असं आज मला वाटतं. खात्रीनं सांगता येत नाही."

उपासना खिडकीकडे वळली. तळ्यावर बर्फात भोक पाडून एक माणूस मासे धरायला बसला होता, पाठ करून, हलत नव्हता. तिला नीलांबरी दिसली, ग्रोसरीच्या दुकानात हसत बोलणारी. मग एकेक करून बाकीची घरं दिसायला लागली. ज्यांच्या मुलांच्या वाढदिवसांना ती गेली होती, ज्यांच्या घरी तिनं भांडी विसळली होती. त्या सगळ्यांचे चेहरे तीन वर्षं या एका माणसाच्या पाठीमागे सुरक्षित उभे होते.

"आमच्या कानावर काय यावं, हे तुम्ही का ठरवलंत?" तिनं विचारलं. आवाज चढला नाही. "आम्ही ऐकलं असतं. आम्हाला ऐकायची सवय आहे. सुभाष निदान खरं ऐकून घरी बसला असता."

"हो," हेमचंद्र म्हणाले.

"उत्तराकाकू काय म्हणाल्या?"

"ती हो म्हणाली. लगेच."

"आणि तुम्ही?"

त्यांनी वर पाहिलं. "मी मोजणारा होतो. मला कुणी विचारलं नाही. मोजणाऱ्यानं स्वतःचं मत—"

"मी विचारते," उपासना म्हणाली. ती उठून उभी राहिली, टेबलाच्या या बाजूला, त्यांच्याच जुन्या जागी. प्रश्न तिनं त्यांनी शिकवल्यासारखाच विचारला, सावकाश, कुठल्याच शब्दावर जोर न देता. "मेश्रामांना अर्धा तास द्यावा का? हो की नाही?"

दार उघडं होतं. त्याच्या पलीकडे त्या अख्ख्या इमारतीत मराठी समजणारं दुसरं कुणी नव्हतं. तरीही उत्तर देण्याआधी हेमचंद्रांनी दाराकडे पाहिलं.